त्या माळाला ओसाड म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या जिल्ह्याच्या पानावर बातमी होती, ‘ओसाड माळरान होणार हिरवेगार’, सोबत फोटो, फोटोत फेटे, नारळ, कोनशिला आणि मागं लांबवर दिसतो तो आमचा माळ. आमचा म्हणजे सातबारा माझ्या नावावर नाही, गायरान आहे ते, पण गेली पाच वर्षं पावसाळा ते दिवाळी दर रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण तिथंच असतो त्यामुळे तोंडातून आमचाच निघतं. बातमी देणाऱ्याचा राग आला असंही नाही, आपण सगळे तसंच बोलतो, मीसुद्धा उभी नोकरी तसंच बोलत आलो. पण त्या ‘ओसाड’ शब्दावर चार ओळी लिहाव्या म्हणून बसलो आणि पत्र लांबलं. छापताना कापाकापी केलीत तरी चालेल, फक्त जोकरचा भाग कापू नका.

आधी मी कोण ते सांगतो. मी पशुधन पर्यवेक्षक होतो, आता रिटायर. डॉक्टर नाही पण गावात सगळे डॉक्टरच म्हणतात, मीही कधी दुरुस्त केलं नाही. तीस वर्षं मोटरसायकलला आइस बॉक्स बांधून मोरगाव, सुपे, पाटस या पट्ट्यात मेंढरांना लस टोचत फिरलो, पावसाच्या आधी आंत्रविषाराची लस म्हणजे धनगरांचे वाडे माळावर जिथं बसलेत तिथं जावंच लागायचं, त्यामुळे हा माळ आपण उभा-आडवा बघितलाय अशी माझी समजूत होती. आणि तीस वर्षांत मी तिथं एकही फुलपाखरू बघितलं नव्हतं. म्हणजे डोळ्यासमोरून गेली असतील हजारो पण बघितलं नव्हतं, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की फुलपाखरं महाबळेश्वरला असतात, भीमाशंकरला असतात, इथं काय आहे, कुसळं आणि खडे.

लॉकडाऊनमध्ये भाची पुण्याहून आमच्याकडे राहायला आली, वर्क फ्रॉम होम, आयटीवाली आहे. संध्याकाळी हिंडायला जायचो. एकदा ती गवतात पालथी पडली, मला वाटलं पाय मुरगळला की काय, तर म्हणते मामा हे बघा. मी म्हटलं चिलट आहे. तिनं मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला आणि मी गप्पच झालो. पंख पसरले तरी दीड-दोन सेंटीमीटर, बाहेरून राखाडी, आणि मागच्या पंखाच्या कडेला काळे ठिपके, त्याला केशरी किनार, त्यात हिरवट-निळी चमक, एखाद्या बाळाच्या कानातल्या डुलासारखी. ग्रास ज्युवेल नाव त्याचं, देशातल्या सगळ्यात लहान फुलपाखरांपैकी एक. माझ्या बुटाखाली असली किती गेली असतील कोण जाणे.

तिथून आमचं हे खूळ सुरू झालं. पहिले दोन महिने आम्ही नुसते उडणाऱ्याच्या मागं पळालो, ते काही खरं नाही, माळावरची फुलपाखरं बुटकी उडतात, गुडघ्याच्या खालीच, आणि मध्येच गवतात बसली की गायब. मग भाचीनं वाचून काढलं की ज्या झाडावर ती अंडी घालतात ते झाड शोधा, तिथं उभे राहा. आता इथं मी कामाला आलो. कारण कुठलं झुडूप कुठं आहे, शेळी काय खाते, मेंढी काय सोडते, काय खाल्लं की जनावर आजारी पडतं हे मला पाठ, घाणेरी खाल्लेली जनावरं तर किती तपासली असतील. तर ती पुस्तकातलं लॅटिन नाव सांगायची, मी फोटो बघून म्हणायचो अगं ही तर रुई, ही नेपती, हा खुळखुळा. रुईवर प्लेन टायगर. नेपतीवर पायोनियर, पांढरा-काळा, कधी कधी थवेच्या थवे एका दिशेनं निघतात. बाभळीवर आणि हिवरावर बाबुल ब्लू, तेही नखाएवढंच. बोरीवर सिल्व्हरलाइन. नुसत्या साध्या गवतावर, म्हणजे ज्याला आपण काही नाही म्हणतो त्यावर, थ्रीरिंगच्या अळ्या वाढतात. आणि घोळ, जिची आपण भाजी करतो, तिच्यावर डॅनेड एगफ्लाय नावाचं फुलपाखरू अंडी घालतं, त्यातला नर काळा, अंगावर पांढरे मोठे ठिपके, आणि मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगरसारखी. प्लेन टायगर रुईचा चीक पचवून कडू झालेलं असतं, पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून हिनं त्याचं सोंग घेतलंय. आम्हीही पहिल्यांदा फसलोच, दोन रविवार प्लेन टायगर म्हणूनच नोंद केली.

सिल्व्हरलाइनचं सांगायचं राहिलं. पिवळसर पंखावर लाल-तपकिरी पट्टे आणि पट्ट्यात चांदीची रेघ, पैठणीचा काठच म्हणा. मागच्या पंखाला बारीक शेपट्या असतात आणि तिथंच केशरी डाग, त्यामुळे बसल्यावर वाटतं की डोकं तिकडंच आहे. शेपट्या हलवत पण राहतं ते. सरडा किंवा पक्षी त्या खोट्या डोक्यावर झडप घालतो, पंखाचा तुकडा जातो आणि फुलपाखरू उडून जातं. आम्हाला अशी शेपटीकडून कुरतडलेली कितीतरी मिळाली, काहींना तर दोन्ही बाजूला सारखा व्ही आकाराचा तुकडा गेलेला, म्हणजे पंख मिटलेले असताना चोच बसली. त्याच्या अळ्यांची वेगळीच गंमत, मुंग्या त्यांची राखण करतात आणि बदल्यात अळीच्या पाठीवरचा गोड रस चाटतात. धनगर मेंढरं राखतो तसंच की. ग्रास ज्युवेलचंही तेच. म्हणजे माळ नांगरला की अळी गेली, झुडूप गेलं आणि मुंग्यांचं वारूळही गेलं, तिन्ही एकदम.

हळूहळू माणसं जमली. एक शाळेचे सर, एक रिक्षावाला, भाचीच्या ऑफिसातल्या दोघी, आणि वाड्यावरचे एक आबा जे तिथं असतातच, आम्हीच त्यांच्यात जमलो म्हणायचं. सप्टेंबरात देशभर बिग बटरफ्लाय मंथ म्हणून फुलपाखरांच्या नोंदी करतात, २०२० पासून सुरू झालाय, त्यातही आम्ही नोंदी टाकतो. यादी वाढत गेली तसं सगळ्यांना एकाच गोष्टीचं वेड लागलं, ते म्हणजे जोकर.

जोकर हे फुलपाखराचं नाव आहे, इंग्रजीत तसंच आहे. नारिंगी रंगावर काळे पट्टे, कोरड्या माळरानात, झुडपांच्या कडेनं जमिनीलगत उडतं. भाचीनं नकाशा बघून सांगितलं की दख्खनच्या पट्ट्यात असतं, आपल्याकडे असायला पाहिजे. असायला पाहिजे म्हणजे काय, मंत्रीही खड्डे नसायला पाहिजेत म्हणतात. दोन पावसाळे आम्ही शोधलं, नाही मिळालं. सर म्हणायला लागले की हे नावच आहे आपली मजा करायला.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०२२ च्या जुलैत, गायरानाच्या कडेला एका शेतकऱ्याचं तारेचं कुंपण आहे तिथं आम्ही चहा पीत बसलो होतो. त्या तारेवर वेडे राघू बसतात, उडतात, हवेतच किडा पकडतात आणि परत त्याच जागी येऊन बसतात, पकडलेलं तारेवर आपटतात आणि गिळतात, पंख खाली पडतात. रिक्षावाल्या मित्रानं त्या तारेखालचे पंख गोळा करायची टूम काढली, बसल्या बसल्या उद्योग म्हणून. मधमाशा, चतुर, पिवळी फुलपाखरं, आणि त्यात एक पंख नारिंगी, काळ्या पट्ट्यांचा. भाचीनं तो तळहातावर ठेवला, मोबाइलमधला फोटो शेजारी धरला, आणि पाच मिनिटं कोणी बोललंच नाही. जोकर. म्हणजे आम्ही दोन वर्षं जे शोधत होतो ते वेड्या राघूनं नाश्त्याला खाल्लं होतं.

पण त्या एका पंखावरून कळलं की जागा जवळच आहे. वेडा राघू काही मैलभर लांब जाऊन शिकार आणत नाही, तारेवरून दिसेल तेवढंच त्याचं रान. मग आम्ही त्या कुंपणापासून सुरू करून ओढ्याकडच्या उतारापर्यंत खाजकोलती शोधायला लागलो, कारण जोकरच्या अळ्या त्या वेलीवर वाढतात. खाजकोलती माहीत नसेल तर सांगतो, नाजूक वेल असते, बोरीच्या झुडपात चढलेली, आणि हात लागला की आग आग होते. ती मला सापडली म्हणजे हातालाच सापडली, संध्याकाळपर्यंत खाजवत होतो. पण जागा पक्की झाली, आणि ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सकाळी नवाच्या सुमाराला, रात्री पाऊस होऊन ऊन पडलेलं, त्याच उतारावर मुरमाच्या उघड्या पट्टीवर जोकर बसलेला होता, पंख उघडून, ऊन खात. मी गुडघ्यावर बसलो, मग पोटावर, मोबाइल पुढं धरून सरकतोय, तेवढ्यात मागून आबांचा आवाज, ‘ओ डॉक्टर, हाय तिथंच थांबा, पाय हलवू नका, पिल्लू हाय.’

माझ्या डाव्या बुटापासून वीतभर लांब धाविकचं पिल्लू होतं. खड्यात खडा होऊन बसलेलं, मान जमिनीला टेकवून, मला दिसलंच नसतं, जन्मात दिसलं नसतं. धाविक म्हणजे माळावरचा तो पक्षी जो दोन लांब पायांवर तुरुतुरु पळतो, थांबतो, वाकून काहीतरी टिपतो, परत पळतो, डोळ्यावरून काळी-पांढरी पट्टी आणि छाती तांबूस. घरटं म्हणून काही करतच नाही, उघड्या जमिनीवर दोन-तीन अंडी घालतो, अंडी पण खड्यांच्याच रंगाची. मी तसाच उलटा सरकत मागं आलो, जोकर उडाला, फोटो हलला, आणि तो हललेला फोटो आज आमच्या ग्रुपचा डीपी आहे.

हे एवढं रंगवून सांगायचं कारण, त्या दिवशी घरी येताना भाची म्हणाली की मामा एकाच जागेवर दोघं का सापडले ते बघा. खरंच की. धाविकला उंच गवत चालत नाही, पळता आलं पाहिजे, लांबून कोल्हा-कुत्रं दिसलं पाहिजे. जोकरला ऊन खायला उघडा मुरूम पाहिजे आणि अळ्यांसाठी झुडपातली वेल पाहिजे. तिथं आबांची मेंढरं चरून गेलेली होती म्हणून गवत आखूड होतं, बोरीची झुडपं काट्यांमुळे राहिलेली होती म्हणून वेल होती. दहा पावलं पलीकडे गवत उंच, तिथं लावे आणि चंडोल. मोठ्या बाभळीवर कापशी घार. म्हणजे माळ म्हणजे एक सपाट चादर नाही, ठिगळांची गोधडी आहे ती, प्रत्येक ठिगळात वेगळं बिऱ्हाड.

आणि फुलपाखरं-पक्षी हे दोन वेगळे छंद आहेत असं मला आता वाटतच नाही. चंडोल एरवी बी टिपतो पण पिल्लांना अळ्या, नाकतोडेच भरवतो. खाटीक पकडलेला किडा बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो, नावच खाटीक. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्ये नावाचे शिकारी पक्षी येतात, गवतावर अगदी खालून तरंगत फिरतात आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतात, झाडावर नाही, तेही नाकतोडे खाऊन दिवस काढतात. पखुर्ड्या सकाळी पाण्यावर येतात. टिटवीची ती पिवळ्या गालाची जात, माळटिटवी, उन्हाळ्यात भर खडकात अंडी घालते. तेव्हा जो माळ गवतासाठी नाकतोड्यासाठी चांगला तोच सगळ्यांसाठी चांगला, ह्यात मोठं शास्त्र नाही, मेंढराला जे कळतं ते आपल्याला कळायला पाच वर्षं लागली.

आता मुद्द्यावर येतो. ह्या मे महिन्यात त्या ओढ्याकडच्या उतारावर जेसीबी आला. सलग चर खणले, चरांच्या कडेला खड्डे, खड्ड्यात गिरीपुष्प, कडुलिंब, चिंच. कोणी काढले आणि कोणाच्या पैशातून हे लिहीत नाही, मला कोणाशी भांडायचं नाही, करणाऱ्यांनी चांगल्याच मनानं केलंय, कोनशिलेवर पर्यावरणच लिहिलंय. बोरीची झुडपं काढली कारण ती ‘काटेरी झुडपं’, वेल गेली कारण वेल कोणाला दिसतच नव्हती. जुलै-ऑगस्टचे पाच रविवार आम्ही तिथं गेलो, त्या बाजूला एकही जोकर नाही. खाजकोलतीची मुळं राहिली असली तर फुटेलही परत, बघू. ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला, जिथं अजून खणलं नाही, तिथं दोन दिसले. आणि तुमच्या बातमीत लिहिलंय की दुसरा टप्पा ओढ्याच्या पलीकडे, ऑक्टोबरपासून.

मला झाडांचा राग आहे असं कृपा करून समजू नका. माझ्या दारात लिंबू आहे आणि त्यावर राणी पाकोळी येते, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली राज्याचं फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, अभिमानच आहे. पण ते जंगला-बागांतलं फुलपाखरू आहे, लिंबावर, बेलाच्या जातीच्या झाडांवर वाढतं. त्याला झाड पाहिजे म्हणून जोकरला पण झाड पाहिजे असं होत नाही. मासा पाण्यात राहतो म्हणून कोंबडी पाण्यात टाकत नाही कोणी.

आणि आमचा हा पट्टा मुळातच पावसाच्या सावलीतला, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वीतभर माती आणि खाली मुरूम. इथं झाडं विरळ असणं ही कोणाची नालायकी नाही, इथला स्वभाव आहे तो. हिवर, बाभूळ, बोर, नेपती ही जी आहेत ती आपली आपण उगवलीत, टँकरशिवाय. बाकी पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं. गवताची सगळी कमाई जमिनीखाली मुळांत असते, वरून वाळलेलं दिसतं म्हणून आपण त्याला मेलेलं समजतो, आणि जूनच्या पहिल्या दोन पावसात ते परत उभं राहतं. दाट झाडं लावून सावली केली की हे गवत मरतं. झाडं मोठी झाली की त्यावर कावळे, शिक्रे बसायला लागतात आणि जमिनीवरची अंडी-पिल्लं वरून टिपतात, मग धाविक, माळटिटवी जागा सोडतात. आणि बहुतेक ठिकाणी तर झाडंही मोठी होत नाहीत, तिसऱ्या उन्हाळ्यात फक्त खड्डे राहतात, त्याच खड्ड्यांत पुढच्या वर्षी परत रोपं. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं, त्यात कुठं काय जगलं ह्यावर मी बोलत नाही, पण एवढी झाडं लावायला मोकळी जागा कुठली दिसते तर माळच दिसतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

ह्याला कारण आपले शब्द पण आहेत. सातबाऱ्यावर बघा, पोटखराबा, म्हणजे पिकाला निरुपयोगी जमीन. सरकारी नकाशांत पडीक जमिनीचा देशपातळीवरचा ॲटलासच निघतो, त्यात असली माळरानं सर्रास धरलेली असतात. पडीक म्हटलं की ती कोणालातरी द्यायलाच पाहिजे असं वाटतं, सोलरवाल्याला द्या, प्लॉटिंगला द्या, नाहीतर वृक्षारोपणाला द्या. गंमत म्हणजे ज्याला आपण काहीच नाही म्हणतो त्याची यादी दोनशे वर्षांपूर्वी झाली आहे, कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमला होता, त्यानं १८३२ मध्ये इथल्या पक्ष्यांची यादी छापली. त्यातला एक तांबूस, शेंडीवाला छोटा चंडोल आजही साइक्सचा चंडोल म्हणूनच ओळखला जातो आणि तो भारताबाहेर सापडत नाही. तो आमच्या माळावर रोज गातो, कोनशिलेवर पण बसलेला मी बघितलाय.

उशीर झाला की काय होतं ते सोलापूरकरांना विचारा. नान्नजला १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर, त्यात गावं, शेतं, शहरं सगळं आलं, लोक वैतागले, आणि २०१२ मध्ये ते कमी करून साधारण बाराशेवर आणलं. तोपर्यंत आजूबाजूचा माळ शेतीत, उसात, रस्त्यांत गेला. आज अख्ख्या देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे, आणि आपल्याकडे तो दिसला तर बातमी होते. माझ्या वडिलांनी आमच्याच शिवारात बघितलेला आहे, ते त्याला हूम म्हणायचे. मी नाही बघितला. तणमोराचंही तेच, पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारणारा पक्षी, आता आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतका राहिलाय. अकोला-वाशिमकडे फासेपारधी समाजातली माणसंच तो राखायच्या कामात उतरलीत, कारण कुठल्या गवतात तो बसतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार.

एक गोष्ट आमच्या छंदवाल्यांबद्दलही लिहितो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांनाच बोलतोय. कडबनवाडीच्या, शिर्सुफळच्या माळांचे फोटो बघून आता पुण्या-मुंबईचे लोक माळावर यायला लागलेत, चांगलं आहे, वनखात्यानं तिकडं गवताळ सफारी सुरू केली आहे, गावातल्या पोरांना गाइडचं काम मिळतं. पण काही लोक स्वतःची गाडी थेट गवतात घालतात, चिंकाऱ्याच्या मागं पळवतात, पक्ष्याचा आवाज स्पीकरवर वाजवून त्याला बोलावतात, आणि अंड्यांचे फोटो लोकेशनसकट टाकतात. मी स्वतः पिल्लावर पाय द्यायचा राहिलो तेव्हा मला फार बोलायचा हक्क नाही, पण म्हणूनच ह्या पत्रात गावाचं नाव दिलेलं नाही आणि तुम्हीही फोटोखाली देऊ नये ही विनंती. आणखी एक, चराईबंदी हा पण उपाय नाही. मेंढरं पूर्ण बंद केली तर गवत दाटतं, उघडी ठिगळं बुजतात, आणि फेब्रुवारीत कोणीतरी काडी लावली की एका रात्रीत सगळं, गवताला चिकटलेले कोष, कासवं, सरडे. आबांच्या मेंढरांना हुसकावून माळ वाचवायचा असेल तर तो माळ राहणार नाही, एवढं मी तीस वर्षांच्या लसीकरणावरून सांगू शकतो.

मागणं फार नाही. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांनी केलेली नोंदवही असायला पाहिजे. आमच्या पंचायतीतही ती वही आहे, मी बघून आलो, कपाटात आहे, त्यात झाडं आहेत, गाई-बैल आहेत, दोन ओळीत पक्षी आहेत, फुलपाखरू एकही नाही, माळाचं पान कोरं. आमच्याकडे पाच वर्षांच्या तारीखवार नोंदी आहेत, फोटो आहेत, त्या वहीत घ्याव्यात असा अर्ज मी मागच्या सोमवारी दिलाय. तो ग्रामसभेपुढं येईपर्यंत, निदान दिवाळीपर्यंत, ओढ्यापलीकडचा दुसरा टप्पा थांबवावा. झाडं लावायचीच असतील तर ओढ्याच्या काठाला लावा, शाळेच्या आवारात लावा, रस्त्याच्या कडेला लावा, खड्डे खणायला आम्ही येतो, सर तर म्हणतात शाळेची पोरं पण आणतो. माळावर काही करायचंच असेल तर एकदा श्रावण-भाद्रपदात येऊन दोन सकाळी मोजणी करा, मग ठरवा. मजुरी ज्यांना मिळणार होती त्यांची मजुरी बुडू नये हेही खरं आहे, ओढ्याचा गाळ काढायचं काम कितीतरी वर्षं पडून आहे, त्यात ती देता येईल.

आणि तुमच्या बातमीदाराला एक आमंत्रण. येत्या रविवारी सकाळी साडेआठला मोरगावच्या एसटी स्टँडवर या, पुढं मी घेऊन जातो, गाडी डांबरीवरच ठेवायची आहे. पाण्याची बाटली आणा, पायात बूट घाला, आणि हाफ बाह्यांचा शर्ट घालू नका, ओढ्यापलीकडे खाजकोलती ह्या वर्षी जोरात आहे. जोकर दिसेलच असं नाही, पाऊस असेल तर नाहीच दिसणार, पण त्या तारेखालचे पंख तर आपण नक्की वेचू. आबांनी चहाचं कबूल केलंय, मेंढीच्या दुधाचा असतो, आधीच सांगून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
(नाव छापू नये)

ता. क. : बातमीतल्या फोटोत उजवीकडे फेटेवाल्या पाहुण्यांच्या पायाजवळ जे झुडूप दिसतंय ते नेपतीचं आहे. फोटो मोठा करून बघितला तर त्यावर पांढरं काहीतरी बसलेलं दिसतं, भाचीच्या मते पायोनियर. तुमच्याकडे मूळ फोटो मोठ्या साइजमध्ये असेल तर कृपया पाठवा, तारीखवार नोंदीत घालता येईल.